गॉगलच्या काचा

शाहू स्मारकच्या सभागृहात त्या रविवारी
कोट घातलेला एक माणूस म्हणाला,
'इलेक्ट्रॉनला कळतं, तुम्ही बघताय ते.
बघणं बदला, जग बदलेल.'
टाळ्या पडल्या. तिकीट तीनशे होतं.
मागच्या रांगेत आमचे उलपेमामा होते,
प्रयोगशाळेचे शिपाई, कसबा बावड्याचे,
तिकीट कुणीतरी फुकट दिलेलं.

मला हे कळलं पंधरा दिवसांनी,
भिंगं पुसता पुसता ते म्हणाले तेव्हा,
'मॅडम, आनंदीचा रिपोर्ट मी उघडायलाच नको हुता.
सीपीआरच्या जिन्यात पाकीट बंद हुतं तवर
दोन्ही हुतं म्हणं. असल, नसल.
मी बघितलं आन् ठरलं.'

तीस वर्षं शिकवते मी.
फळ्यावर 'निरीक्षण' हा शब्द लिहीत आले,
किती सहज, चहात साखर टाकावी तसा.
कधी सांगितलं नाही की या शब्दाला
पापण्या नसतात.

महाद्वार रोडवरून दोन गॉगल आणले, पोलरॉइडचे,
घासाघीस करून, एकशे वीसला एक.
काचा उलपेमामांनीच कापल्या,
त्यांचा हात माझ्यापेक्षा बरा.
खिडक्यांना काळे पडदे. लेझर.
काजळी धरलेल्या काचेवर ब्लेडनं ओढलेल्या
दोन रेघा, केसाएवढ्या.
भिंतीवर लाल-काळे पट्टे उमटले.
'इरकलीच्या काठावानी,' मामा म्हणाले.

मग एका रेघेवर उभी काच, दुसरीवर आडवी,
सांधा बरोबर मधोमध.
पट्टे गेले. नुसता लाल डाग, पसरलेला.

'कोण बघतंय?' मी विचारलं.
'आपुन.'
'मग चला बाहेर.'
कॅमेरा लावला, कुलूप घातलं,
कँटीनमध्ये जाऊन कटवडा खाल्ला.
परत आलो. फोटोत डागच.
'उजेड कुठल्या फटीतून आला त्याची खूण
उजेडावरच राहिली, मामा.
ती कुणी वाचो न वाचो.
पट्टे जायला तेवढी खूण पुरते.'

बराच वेळ गप्प होते.
मग तालमीतला जुना माणूस बोलला,
'म्हंजे पाठीला माती लागली की लागली.
पंच तिकडं बघत असला तरी.'

जवळजवळ, म्हणाले मी. जवळजवळ.
कारण पैलवानाला पाठ आधीपासून असते,
आणि तिथं खाली, तितक्या बारीक ठिकाणी,
माती लागण्याआधी पाठ होती का,
यावर शहाणी माणसं शंभर वर्षं भांडतायत.
पण ते भांडण जिन्यातल्या पाकिटापर्यंत चढत नाही.
पाकिटावर वारा आदळतो, ऊन आदळतं,
कागदाला शाई कधीच लागलेली असते.
त्याआधी लॅबमधल्या पोरीनं काचपट्टी पाहिलेली,
आणि तिच्याही कितीतरी आधी
वैनींच्या पोटातल्या गाठीनं
स्वतःची साक्ष स्वतःच दिलेली.

'तुमच्या डोळ्यांनी काही केलं नाही, मामा.'

रडले नाहीत. टेबल पुसलं,
पुसलेलंच परत पुसलं.
'मग त्या कोटवाल्याकडनं तीनशे परत घ्याय पायजेत.'
'तुमचं तिकीट फुकट होतं.'
'व्हय की.'

दिवा लावता लावता थांबले.
'मॅडम, हे गेल्यालं पट्टे
परत न्हाई येत व्हय?'

माझ्या पर्समध्ये तिसरी काच होती.
ती पुढं तिरकी धरली की खूण पुसली जाते
आणि पट्टे येतात. अर्ध्या उजेडात, पण येतात.
या प्रयोगातला हाच भाग मला सगळ्यात आवडतो,
पोरं दरवर्षी ओरडतात तिथं.

सोमवारी वैनींची दुसरी केमो होती.

'ते पुढच्या वेळी दाखवते,' म्हणाले,
आणि पर्सची चेन लावली.